नाव घातलेल्या बंदुका

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. शेजारी गेलेला डबा दहा वर्षांनी, झाकणाविना का होईना, परत आला की बुडाशी कोरलेल्या अक्षरांवरून मालकी सिद्ध होते. अमेरिकी सरकारही तितकंच धोरणी. एम-१ गॅरँड रायफलीवर त्यांनी 'यू. एस. रायफल' असं नाव आणि खाली क्रमांक कोरला आणि साम्यवादाचा बंदोबस्त करायला त्या दोस्तांच्या घरी पाठवून दिल्या. कुणी ग्रीसला गेली, कुणी डेन्मार्कला, कुणी तुर्कस्तान नाहीतर फिलिपिन्सला. पुढं १९९१ साली सोव्हिएत संघ आपला आपणच मोडून पडला, त्याला गॅरँडची गोळी काही लागली नव्हती. रायफली मात्र एकेक करत माहेरी येऊ लागल्या.

रायफल तशी नामांकित. १९३६ मध्ये अमेरिकी लष्करानं स्वीकारली, वजन सव्वाचार किलोच्या घरात, एका क्लिपात आठ गोळ्या, आणि आठवी उडाली की रिकामी क्लिप टण्‌कन बाहेर उडून सगळ्यांना कळवते. एकूण चोपन्न लाखांच्या आसपास बनल्या. जनरल पॅटन तर तिच्यावर लट्टू होते. (त्यांच्याच नावाच्या रणगाड्यांचं १९६५ मध्ये असल उत्तरच्या शेतात काय झालं, ते आपल्याला ठाऊक आहे. तेही अमेरिकेनं दोस्ताला, म्हणजे पाकिस्तानला, दिलेलेच होते.)

परत आलेल्या मालाचं करायचं काय? त्यासाठी 'सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम' नावाची संस्था आहे. नागरिकांचा नेम चांगला असावा, युद्ध आलं तर उपयोगी पडतो, या १९०३ मधल्या सरकारी काळजीतून तिचा उगम. १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं तिला सरकारी खात्यातून बाहेर काढून ना-नफा संस्था केलं. २०१८ च्या सुमारास फिलिपिन्समधून सुमारे ८६ हजार आणि तुर्कस्तानातून १३ हजार गॅरँड तिच्याकडे आल्या. फिलिपिन्सनं दरम्यान मार्कोस यांचा मार्शल लॉ पाहिला, तुर्कस्तानानं एकाहून अधिक लष्करी उठाव. त्या काळात या रायफलींचं तोंड कुणाकडे होतं, ते सोबतच्या कागदात लिहायची पद्धत नाही.

गिऱ्हाईक सज्ञान अमेरिकी नागरिक हवा, संलग्न नेमबाजी क्लबचा सभासद हवा आणि नेमबाजीत भाग घेतल्याचा पुरावा हवा. मात्र साठी ओलांडली की हा पुरावा माफ! साठी बुद्धी नाठी असं आपण म्हणतो, तिकडे साठीनंतर नेम गृहीत धरतात. मग रायफल कुरिअरनं थेट दारात. आपल्याकडे निवडणूक लागली की परवान्याची बंदूकसुद्धा पोलीस ठाण्यात नेऊन ठेवावी लागते. लोकशाही दोन्हीकडे आहे, फक्त तिला भीती वेगवेगळ्या गोष्टींची वाटते.

खरी गंमत शौकिनांची. लढाईत रायफल मोडते, दुरुस्तीत एकीचा घोडा दुसरीला आणि तिसरीची नळी चौथीला बसते. असली मिश्र संसाराची रायफल पाहून शौकीन नाक मुरडतो. त्याला क्रमांकाशी जुळणारे, त्याच कारखान्याचे, त्याच महिन्यांतले भाग हवेत. म्हणून तो सुट्या भागांमागे वर्षानुवर्षं हिंडतो आणि शेवटी अशी रायफल उभी करतो की तिला कधी लढावंच लागलं नसावं. मग ती भिंतीवर टांगतो आणि पाहुण्यांना महायुद्धाचा इतिहास सांगतो.

आता दक्षिण कोरियाची गोष्ट. त्यांच्याकडेही हाच माल होता. ते म्हणाले, आमच्याकडच्या ऐंशी हजारांवर गॅरँड आम्ही तुमच्या शौकिनांना विकतो, चार पैसे आमच्या संरक्षण खात्याला. वॉशिंग्टननं आधी होकार दिला आणि २०१० मध्ये फिरवला. कारण? भलत्यांच्या हाती पडतील. २०१३ मध्ये ओबामांनी, संग्रहालयांसारखे अपवाद सोडून, खासगी मंडळींना अशी लष्करी हत्यारं परत आणायला बंदीच केली. रायफल तीच, आठ गोळ्यांची. सरकारी कागदावर परत आली तर क्रीडासाहित्य, व्यापाऱ्याच्या कागदावर आली तर समाजाला धोका. आणि ही चर्चा चालू असताना कोपऱ्यावरच्या दुकानात तीस गोळ्यांच्या मॅगझिनची एआर-१५ बिनदिक्कत विकली जात होती. तिच्या कपाळी परदेशवारीचा शिक्का नव्हता, एवढंच तिचं पुण्य.

या साऱ्या उसनवारीत काही खरोखर फुकट दिलं ते एकाच माणसानं. ही रायफल घडवणारे जॉन गॅरँड जन्मानं कॅनडाचे, नोकरी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात. रायफलीचे हक्क त्यांनी सरकारला देऊन टाकले. चोपन्न लाख रायफलींवर त्यांना एका डॉलरचीही रॉयल्टी मिळाली नाही. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत असं विधेयक काँग्रेससमोर आलं होतं. ते मंजूर झालं नाही. १९७४ मध्ये गॅरँड वारले.