काळ्या कपड्यांची किंमत

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९९४ साली रस्त्यावरच्या पोरापोरींच्या पेहरावाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. पंक, मॉड, रॉकर, सगळे काचेआड. त्याच्याशी जोडलेले मानववंशशास्त्रज्ञ टेड पॉलहेमस यांनी तरुणाईच्या नव्या काळाला 'शैलीचं सुपरमार्केट' म्हटलं. आज या फळीवरचं उचला, उद्या त्या.

उत्तरआधुनिक समाजशास्त्राला ही उपमा फारच मानवली. फ्रान्सच्या मिशेल माफेझोलींनी १९८८ मध्येच सैल, येत्याजात्या 'टोळ्यां'चा काळ आल्याचं सांगितलं होतं. पुढे तर वर्ग, गाव, घर काहीच चिकटत नाही, ओळख म्हणजे अंगावरचा सदरा, अशी भाषा रूढ झाली.

तरुणांचा पेहराव वर्गाच्या चष्म्यातून वाचणाऱ्या बर्मिंगहॅमच्या जुन्या अभ्यासकांची चूक या मंडळींनी बरोबर पकडली, हे मान्यच. स्किनहेडच्या बुटांत कामगारवर्गाची अख्खी व्यथा वाचायची आणि बूट घालणाऱ्या पोराला मात्र काहीच विचारायचं नाही, हे चुकीचंच होतं. या मंडळींपैकी डेव्हिड मगलटन यांनी विचारलं. पोरं म्हणाली, आम्ही कुठल्या गटाचे नाही, आम्ही आमचे. पण 'मला शिक्का नको' म्हणणं वेगळं आणि 'मला काही चिकटलेलंच नाही' म्हणणं वेगळं. सिद्धांतानं ही दोन वाक्यं एकच मानली, आणि माझं भांडण इथंच आहे.

समाजशास्त्रज्ञ पॉल हॉडकिन्सन स्वतः गॉथ, म्हणजे काळ्या कपड्यांच्या पंथातले. त्यांनी गॉथ लोकांमध्ये राहून अभ्यास केला आणि २००२ साली पुस्तक लिहिलं. त्यांना भेटलेली माणसं फळ्या बदलणारी गिऱ्हाइकं नव्हती. इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या गॉथ मेळ्याला ती वर्षानुवर्षं येत, एकमेकांना ओळखत, एकमेकांना धरून राहत.

आणि सोफी लँकेस्टर. वय वीस. ऑगस्ट २००७ मध्ये लँकेशरमधल्या बेकप गावच्या बागेत पोरांच्या टोळक्यानं तिच्या मित्राला तुडवलं. त्याला वाचवायला ती त्याच्यावर वाकली, तर तिलाही तुडवलं. ती शुद्धीवर आलीच नाही, तेरा दिवसांनी गेली. कारण एवढंच, की दोघं गॉथसारखे दिसत होते. मारणारेही अल्पवयीन, त्याच परिसरातले. त्यांच्या वाट्याला आलेल्या गावाबद्दल, बेकारीबद्दल, रिकाम्या संध्याकाळींबद्दल बोलायचं तर सुपरमार्केटची भाषा कामाची नाही. तिथं बर्मिंगहॅमचा तो जुना, अवजड 'वर्ग'च पुन्हा हाती घ्यावा लागतो. ज्याच्याकडे पैसा आणि दुसऱ्या शहराचं तिकीट आहे, त्याची ओळख सहज बदलते. त्याला बघून सगळ्यांचा नियम लिहिणं हा आळस आहे.

सोफीची आई सिल्व्हिया गप्प बसली नाही. शाळाशाळांतून, पोलिसांपुढे बोलत राहिली. २०१३ साली ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी ठरवलं, की गॉथ, पंक अशांवर वेगळेपणामुळे होणारे हल्ले द्वेषगुन्हे म्हणून नोंदवायचे. वंश, धर्म, अपंगत्व यांच्यामुळे होणाऱ्या हल्ल्यांसारखेच.