कळ गावात, गोळी जिल्ह्यात

‘आता काही करण्यासारखं उरलं नाही. घरी न्या, सेवा करा.’ मोठ्या दवाखान्यातला हा एकच सल्ला फुकट मिळतो. त्याचं बिल पुढे घरच्यांनी फेडायचं असतं.

सेवा म्हणजे नेमकं काय, हे डिस्चार्ज कार्डावर नसतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवीची नळी स्वच्छ ठेवायची. तोंडाच्या कॅन्सरच्या जखमेला वास सुटला, तर मेट्रोनिडाझोलची पूड वापरतात. काही रुपयांत माणूस पुन्हा घरच्यांमध्ये बसू शकतो. हे सांगायला दहा मिनिटं लागतात, पण ती कुणाकडेच नसतात. मग सून सगळं चुकतमाकत शिकते.

दुखण्याची कथा तर आणखी मजेदार. अफूची परवानाधारक शेती शेजारच्या मध्य प्रदेशात होते, अफू प्रक्रियेला नीमच-गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते, आणि औषधांसाठी आपण ती परदेशालाही विकतो. तिच्यापासूनच मॉर्फिन बनतं. पण तालुक्याच्या मेडिकलमध्ये मॉर्फिनची गोळी मागून बघा. दुकानदार आधी तुमचे डोळे तपासेल! १९८५च्या अमली पदार्थ कायद्याचा धाकच तसा होता. २०१४ साली कायदा सैल केला, मान्यताप्राप्त संस्थांचे परवान्यांचे हेलपाटे वाचवले. कायद्यात दुरुस्ती झाली, सवयीत व्हायची राहिली. तोवर गावात हाडापर्यंत पोचलेल्या कॅन्सरवर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आणि एक सलाईन.

सरकारी आरोग्य योजनांचं म्हणाल, तर त्या पैसे देतात ते मुख्यतः अ‍ॅडमिट झाल्यावर. पेशंट खाटेवर हवा आणि खाट रुग्णालयाची हवी. ओसरीवरच्या बाजेला पॅकेज नाही. पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि हाल कमी करणाऱ्या सेवेचा, राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. तो आपल्या उपकेंद्रापर्यंत पोचलाय का, हे नर्सताईंना विचारा. पण जपून, त्या आधीच बारा रजिस्टरं भरताहेत.

केरळनं काय वेगळं केलं? कोझिकोडला १९९३ साली काही डॉक्टरांनी या सेवेची सुरुवात केली, गावोगावचे स्वयंसेवक जोडले, २००८मध्ये राज्यानं धोरण आणलं, पंचायतींनी नर्सच्या घरभेटींचा खर्च उचलला. एक नर्स, एक गाडी, एक पिशवी.

आपल्या पंचायतींकडे पैसे नाहीत म्हणावं, तर स्वागतकमान उभी आहे. स्मशानभूमीला शेड आहे, पेव्हर ब्लॉक आहेत. माणूस गेल्याचा फोन केला की वैकुंठरथ दारात येतो, साहेबांच्या हसऱ्या फोटोसकट. मेल्यानंतरच्या दोन किलोमीटरची सोय चोख आहे. आधीचे तीन महिने कुठल्या हेडखाली बसतात, एवढं पुढच्या ग्रामसभेत विचारा.