घर तुमचं, घरपट्टीही तुमचीच

२००७-०८ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी ज्येष्ठांना गोड बातमी दिली: आता बँक हप्ता मागणार नाही, उलट देईल! साठी ओलांडली की घर गहाण टाका, त्याच घरात राहा, मजेत खा. हिशेब मागाहून वारस बघतील.

बऱ्हाणपुरात शनवाऱ्यातल्या आजोबांनी चष्मा पुसून या ‘रिव्हर्स मॉर्गेज’चे नियम वाचावेत. घर म्हणे स्वकष्टार्जित हवं. इथं वाड्याच्या कागदावर अजून पणजोबाच नांदतात आणि माडीवर तीन चुलत भावांची तीन कुलपं!

समजा, कागद जुळले. तरी संपत्तिकर, विमा, डागडुजी आजोबांच्याच गळ्यात. नगर निगमचा कर थकला, तर बँक कर्जाचा गाशा गुंडाळू शकते. सलग वर्षभर घराबाहेर राहिलात, तरी तीच गत. म्हणजे पुण्याला नातू सांभाळायला गेलात, तर अकराव्या महिन्यात परतीचं तिकीट काढा.

एवढं करून सर्वांत आधी बिथरतात ती मुलं. आईबापांच्या हातावर महिन्याला चार पैसे ठेवायचं ज्यांना कधी सुचलं नाही, त्यांना बँक ठेवते म्हटल्यावर घराण्याची अब्रू आठवते.