आम्ही कांदा उत्पादक

रोप दोन इंचांचंही झालं नव्हतं, तेव्हाच माझ्या बोलण्यात ‘आम्हा शेतकऱ्यांना’ हे शब्द यायला लागले होते. लिफ्टमध्ये कुणी सहज म्हणालं, ‘आज आभाळ आलंय,’ की मी सुस्कारा सोडून म्हणायचो, ‘करपा पडणार. आम्हा शेतकऱ्यांचं काही खरं नाही.’ समोरच्याला तिसऱ्या मजल्यावर जायचं असायचं. तो पहिल्यावरच उतरायचा आणि जिना चढायचा.

माझं क्षेत्र म्हणजे गच्चीवरचे चार वाफे. वाफे हा माझा शब्द; सोसायटीच्या इतिवृत्तात त्यांची नोंद ‘गळतीचे संभाव्य कारण’ अशी आहे. त्यातून आमचं गाव नाशिक. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, ती माझ्या गच्चीपासून दीड-दोन तासांवर. तरी मी घरी कांदा लावला, आणि तोही बियांपासून. ‘रोपं विकत मिळतात की,’ असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘घरातला मोड आलेला कांदाच पुरा.’ पण पुरलेला कांदा पात देतो, मग डेंगळा वर काढतो, त्यावर पांढरा गोंडा फुलवतो आणि बी धरतो. कांद्याचं आयुष्य दोन हंगामांचं. पहिल्यात तो स्वतःसाठी खातो, दुसऱ्यात वंशासाठी खर्च करतो. हे मी काकूंना इतकं सविस्तर सांगितलं की त्यांनी गच्चीवर पापड वाळत घालणं बंद केलं.

खरं कारण वेगळं होतं. ‘बियाण्यापासून केलंय’ असं सांगताना छाती जरा पुढे येते.

बी दिलं मेहुण्याने. तो निफाड तालुक्यातला, खराखुरा शेतकरी, त्यामुळे ‘आम्हा शेतकऱ्यांना’ असं कधी म्हणत नाही. ‘दाजी, उळं ताजंच टाका. मागल्या सालचं निम्मं उगवत नाही,’ म्हणून त्याने घरचं गावठी, एन-२-४-१ चं बी कागदाच्या पुडीत दिलं. काळं, कोनेदार, कलौंजीच्या डब्यात सांडलं असतं तर पुन्हा सापडलं नसतं. हेक्टरला आठ-दहा किलो बी लागतं, असं मी वाचलं होतं. ‘माझ्या क्षेत्राला किती लागेल?’ असं मी गंभीरपणे विचारलं. त्याने चिमूट दाखवली.

दिवाळीनंतर उळं टाकलं. कांद्याचा कोंब सरळ वर येत नाही. मधेच दुमडलेला निघतो. दोन्ही टोकं मातीत आणि पाठ तेवढी वर. मी भिंग आणून पाहिलं, फोटो काढला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. उत्तर आलं, ‘गवत वेळीच काढावे. डास होतात.’

४५-५० दिवसांनी रोपं उपटून लावायची असतात. दोन ओळींत १५ सेंटिमीटर, दोन रोपांत १०. मी कंपासपेटीतली पट्टी घेऊन बसलो होतो. मेहुण्याकडे मजूर बायका वाकून, बोलत बोलत, नजरेच्या अंदाजाने अख्खं वावर लावतात, आणि ओळ माझ्याहून सरळ येते. पुढे दिवस मोठा व्हायला लागला तसे कांदे पोसायला लागले. या जाती दिवसाच्या लांबीवर चालतात. आपल्याकडे हिवाळा सरता सरता त्यांना हवा तेवढा उजेड मिळतो. मी मात्र श्रेय ताकाच्या पाण्याला देत होतो, कारण ते मी घालत होतो. कांदा फुगून मातीच्या वर यायला लागला, तसा मी रोज संध्याकाळी, झोपेत पांघरूण सरकलेल्या नातवाला घालावं तसा, त्याच्यावर मातीचा थर घालायचो. मेहुण्याने येऊन बोटाने सगळी माती बाजूला केली. ‘त्याला उघडं बसू द्या, दाजी. कांदा आहे, बटाटा नाही.’

निम्म्या पातींनी माना टाकल्या, तसं पाणी तोडलं आणि कांदा काढला. तो चांगला निघाला, हे मुद्दाम सांगतो, कारण अशा लेखांत तो निघू नये अशी वाचकाची अपेक्षा असते. पाच किलो भरला. अडचण पुढेच झाली: मी तो कुणाला चिरू देईना. सावलीत वाळवला, माना ठेवून पात कापली, आंब्याच्या दोन पेट्यांना फटी पाडून कांदाचाळ केली आणि बायकोला सांगितलं, ‘हा कांदेनवमीचा.’ ती पिशवी घेऊन बाजारात गेली.

आता कांदेनवमीवर थोडं थांबलंच पाहिजे. माझी आजी चातुर्मास पाळायची. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण बंद. म्हणून बंदीच्या तोंडावर, आषाढ शुद्ध नवमीला, घरातला उरलासुरला कांदा संपवायचा. पावसाळी हवेत साठवणीतला कांदा सडतो, कोंब धरतो, हे कारण असेलही. आजीचं कारण ‘देवाला वास आवडत नाही’ एवढंच होतं. पण त्या एका दिवशी देवाने नाक दाबून घ्यावं अशी सोय होती. सकाळी थालीपीठ. दुपारी भरले कांदे, पीठ पेरून केलेली पातीची भाजी, कांदेभात, तोंडी लावायला बुक्कीने फोडलेला कांदा. संध्याकाळी भजी, आणि ती संपल्यावर, कढईत तेल उरलंय म्हणून, पुन्हा भजी. एका वर्षी आजीने खीर केली. सगळ्यांच्या वाट्या चाटूनपुसून झाल्यावर म्हणाली, ‘कांद्याची होती.’ चार वेळा पाणी बदलून उकडलेला कांदा, वर दूध, साखर, वेलदोडा. माझे काका अजून कुठल्याही लग्नात बासुंदीचा आधी वास घेतात.

आजोबांची भक्ती थोडी सैल. दशमी उजाडली की ते पंचांग घेऊन बसायचे. नवमी किती घटिका उरली आहे? तिथीची वृद्धी आहे का? ‘सूर्योदयाला नवमी असेल तर आजही चालतं,’ असं ते स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने वाचायचे. आतून आजी तेवढ्याच मोठ्याने म्हणायची, ‘कढई घासून ठेवली आहे.’ आमच्या घरात धर्मशास्त्रावर एवढीच चर्चा झाली.

तर माझी कांदेनवमी. पाहुणे बोलावले, उळं ते काढणी असं निवेदन केलं. भजी आली. ‘घरच्या कांद्याची चव वेगळीच!’ सगळे म्हणाले, आणि मी विनयाने मान खाली घातली. आत गेलो तर माझी चाळ जशीच्या तशी. बायको म्हणाली, ‘तुमचे सोलत बसले असते तर पाहुणे एकादशीपर्यंत थांबले असते.’ भजी मेहुण्याने सकाळी आणलेल्या गोणीतल्या कांद्याची होती. तो बाहेर, कोपऱ्यातल्या खुर्चीत, मुकाट्याने खात होता.

गोणी फुकट का आणलीस, असं मी विचारलं होतं. ‘बाजारात नेला तर गाडीभाडं अंगावर येतं, दाजी. ताईला तरी होईल.’ इतकंच. निफाडच्याच एका शेतकऱ्याला २०१८ मध्ये साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. त्याने ते पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापुरात ५१२ किलो कांदा विकून, हमाली-तोलाई-भाडं वजा जाता, एकाच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. तोही पुढच्या तारखेचा. त्याच वर्षी भाव जरा चढायला लागले तसं ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क बसलं आणि डिसेंबरात निर्यात बंदच झाली. ती बंदी थेट पुढच्या मे महिन्यात उठली. ‘कांद्याने आणले डोळ्यांत पाणी’ हा मथळा मी लहानपणापासून वाचतो आहे. भाव चढला की तो छापून येतो. पडला की ते डोळे आपले नसतात. आणि ज्या माणसाच्या कांद्याला भाव मिळाला नव्हता, त्याचं श्रेयही त्या दिवशी भज्यांबरोबर मीच खाल्लं होतं.

निघताना त्याने माझी चाळ पाहिली, एक कांदा दाबून पाहिला, ‘टणक आहे,’ म्हणाला. मग विचारलं, ‘पडला कितीला?’ माती, कोकोपीट, शेणखत, पिशव्या, भिंग असा हिशेब मी त्याच्यासमोरच केला. किलोला तीनशेच्या वर गेला.

‘मग हा बाहेरदेशीच पाठवा, दाजी,’ तो म्हणाला. ‘फक्त बंदी लागलीय का ते आधी बघून घ्या.’

तुम्हाला घरी करायचा असेल तर दिवाळीच्या आसपास उळं टाका, रोप खोल लावू नका, पोसणाऱ्या कांद्यावर माती ओढू नका, आणि मान पडली की पाणी तोडा. बी मात्र ताजं घ्या, ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच घ्या, आणि तो सांगेल ती किंमत मुकाट्याने द्या.