आरोग्य समितीच्या खुर्चीस सविनय सादर

प्रति,
माननीय खुर्ची,
आरोग्य समिती, जिल्हा परिषद, पालघर

विषय : विसरण्याबाबत

अर्जदार डहाणू तालुक्यातला असून त्याची सोयरीक तलासरीत आहे. अर्ज सभापतींच्या नावे न करता थेट खुर्चीच्या नावे का केला, असं आवक-जावकचा कारकून विचारणारच, म्हणून खुलासा आधी. जानेवारी २०२० मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची पाच वर्षं २०२५ च्या सुरुवातीला भरली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. डहाणू नगर परिषदेत डिसेंबर २०१७ नंतर मतदान झालं ते थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मुदत पाच वर्षांची, अंतर आठ वर्षांचं. नगरसेवक, सदस्य, सभापती येतात नि जातात, साहेबांची बदली होते. जागेवर राहते ती खुर्ची. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला तेव्हापासूनचं सगळं तिनं ऐकलेलं आहे. स्मरणशक्तीचा विषय तिच्याखेरीज दुसऱ्या कुणापुढे मांडावा, हे अर्जदाराला सुचलं नाही.

विषय म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्याचा आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात, वर्तमानपत्रं स्मृतिभ्रंश म्हणतात आणि घरातली माणसं म्हातारचळ म्हणतात. 'साठी बुद्धी नाठी' या तीन शब्दांत आपल्या पूर्वजांनी केसपेपर, निदान आणि डिस्चार्ज असं सगळंच उरकून ठेवलं आहे. जपान सरकारनं डिसेंबर २००४ मध्ये या आजाराचं सरकारी नावच बदललं, कारण जुन्या शब्दात खुळेपणाची छटा होती आणि त्या शब्दानं माणसाचा अपमान होतो असं त्यांना वाटलं. अर्जदाराची मागणी एवढी मोठी नाही. नाव काहीही चालेल, नोंद व्हावी.

आता नोंद होतच नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल, आणि खुर्चीपुढे खोटं बोलण्याची अर्जदाराची छाती नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची माहिती भरून घ्यायचा एक कागद आशाताईच्या पिशवीत असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीबॅक म्हणतात. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असे प्रश्न त्यात असतात. आठवड्याला किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का, असंही त्यात विचारलेलं आहे. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन घाट उतरणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारताना आशाताईचा चेहरा कसा होतो, ते एकदा खुर्चीनं पाहायला हवं. साठीपुढच्यांसाठी आणखी चार प्रश्न आहेत. चालताना तोल जातो का, हिंडण्याफिरण्यात काही अपंगत्वाची अडचण आहे का, जेवण-कपडे-आंघोळीला दुसऱ्याची मदत लागते का. आणि चौथा : जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का?

पाड्यावर हा चौथा प्रश्न साधारण असा विचारला जातो. कुडाचं घर, शेणानं सारवलेली ओटी, ओटीवर आजी तांदूळ निवडत बसलेली. निवडलेला तांदूळ ती पुन्हा न निवडलेल्यात मिसळते आहे, तेही सकाळपासून. आशाताई विचारते, "आजी, घराचा पत्ता विसरतेस का?" आजी हसते. सून पाण्याचा तांब्या ठेवत म्हणते, "तिला काय करायचा पत्ता? ती घरीच तर असते." घराला नंबर नाही, गल्लीला नाव नाही; चिंचेपासून तिसरं घर, हाच पत्ता. नावांचं विचारावं, तर आजी गेला महिनाभर नातवाला आपल्या मेलेल्या भावाच्या नावानं हाका मारते आहे, आणि नातवानं त्या नावाला ओ द्यायची सवय करून घेतली आहे. मग आशाताई 'नाही'वर खूण करते. खोटं कुणीच बोललेलं नसतं.

समजा, एखादी सून म्हणाली, की होय, विसरते. त्या 'होय'चं पुढे काय होतं, हा या अर्जाचा गाभा. सूचना अशी, की अशा व्यक्तीला वैद्यकीय अधिकारी असेल तिथं पाठवावं. म्हणजे सायवन किंवा उधव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथून कासा-डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात. त्याहून पुढे सरकारी मनोरुग्णालय ठाण्याला, शंभराहून अधिक किलोमीटरवर. डहाणू रोडहून लोकल धरली तर वसईला किंवा दादरला उतरून गाडी बदलायची. ज्या बाईला ओटीवरून चूल कुठल्या बाजूला आहे ते आठवत नाही, तिला घेऊन हे करायचं. म्हणून सीमेवरची माणसं सरळ सिल्वासा, वापी, वलसाड गाठतात आणि आजार पालघर जिल्ह्याच्या कागदावरून गुजरातेत नाहीतर केंद्रशासित प्रदेशात जातो. आकडे छान राहतात.

देशपातळीवरचा एक आकडा मात्र खुर्चीच्या कानावर घालायला हवा. देशभरातल्या वृद्धांची प्रत्यक्ष तपासणी करून 'लासी-डॅड' या अभ्यासानं २०२३ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यातही शहरापेक्षा खेड्यात, पुरुषांपेक्षा बायकांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत प्रमाण जास्त. खेड्यातली, न शिकलेली, म्हातारी बाई. हे वर्णन वाचल्यावर अर्जदाराला पुण्याच्या कोथरूडची आठवण झाली नाही.

तरीही हा आजार म्हणजे मोठ्या शहरातल्या, इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्या आजोबांचा, अशी समजूत पक्की आहे. तिला कारणही आहे. तपासण्याच मुळी त्यांच्या मापानं शिवलेल्या. आज तारीख काय, साल कोणतं, शंभरातून सात वजा करत जा, कागदावर हे दोन पंचकोन काढा. लग्नाच्या चौकात तांदळाच्या पिठानं पालघट देवी रेखणाऱ्या सवाशिणीच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल देऊन पंचकोन काढायला सांगितला, तर ती नापास होईल. उलट, ज्या धवलेरीच्या तोंडी लग्नाची गाणी रात्रभर न थांबता असत, ती मधेच अडली, मग तेच कडवं चौथ्यांदा म्हणाली, तर मांडवातल्या बायकांना जे कळेल ते पंचकोनातून कधी कळणार नाही. हरियाणातल्या बल्लभगडला नव्वदच्या दशकात संशोधकांना हीच अडचण आली होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या खेडुतांसाठी त्यांनी प्रश्नच बदलले आणि हिंदीतली वेगळी चाचणी बसवली. डहाणूत तसं काही करायचं, तर आधी आशाताईला आणि मग त्या बायकांना विचारावं लागेल.

खुर्ची म्हणेल, आधीच कुपोषण, त्यात सर्पदंश, त्यात सिकल सेल. हे नवीन कुठून काढलंत? प्रश्न रास्त आहे. पण कुपोषण तरी वरच्यांना आपणहून कधी दिसलं होतं? १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत मुलं मेली, बातम्या आल्या, मंत्र्यांच्या गाड्या आल्या, आणि १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. तेव्हापासून बाळाचं वजन हा सरकारी विषय झाला. सिकल सेलचंही तसंच : जुलै २०२३ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली, तपासणीचं वय शून्य ते चाळीस. चाळिशीच्या पुढे गेलेल्या माणसानं त्या रांगेतूनही बाजूला व्हायचं. धुंदलवाडीत नोव्हेंबर २०१८ पासून जमीन हलायला लागली, तेव्हा यंत्रं आली आणि रात्री दोनचा धक्कासुद्धा दशांश चिन्हासह नोंदला जाऊ लागला. मोजायचं ठरवलं की मोजता येतं, हे या भागाला चांगलं ठाऊक आहे.

देखरेख म्हणजे काय, हेही इथं कुणी शिकवायला नको. इंग्लंडात २००१ च्या कायद्यानं स्थानिक कौन्सिलच्या सदस्यांना रुग्णालयाच्या बड्या अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारायचा अधिकार मिळाला. डहाणूत त्याआधीच, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून तालुक्याच्या पर्यावरणासाठी स्वतंत्र प्राधिकरण बसलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवायला लावेपर्यंत त्या प्राधिकरणानं पिच्छा सोडला नाही. १९९८ मध्ये त्यानंच वाढवण बंदराला नकार दिला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं होकारही दिला, पण तो या अर्जाचा विषय नाही. विसरण्याच्या यादीत कुणी घालणार असेल तर अर्जदाराची हरकत नाही.

आणि आरोग्याचं म्हणाल, तर २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत तेव्हाचा ठाणे जिल्हा होता. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असे रंग द्यायचे, तक्ता गावात लावायचा आणि मग जनसुनवाईत डॉक्टरांनी उत्तरं द्यायची. औषध बाहेरून आणायला का सांगितलं, नर्सबाई मुक्कामी का राहत नाहीत, असं पाड्यावरची बाई उभी राहून विचारत होती. साहेबांना घाम फुटे, पण औषधं येत.

तशी पाड्याची स्वतःची एक व्यवस्था आहे, आणि ती खुर्चीच्या कुठल्याही योजनेपेक्षा जुनी आहे. 'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशेंनी रंगवलेले संस्कृतचे पंडित मोटारीतून उतरून हत्तीच्या मागे चालू लागतात आणि त्यांना सांभाळते ती माहुताची बायको. शहर त्यांना शोधत फिरतं. पाड्यावर शोधावं लागत नाही. आजी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरली, तर त्या घरची बाई तिला भाकर देते आणि पोराबरोबर घरी पाठवते. फक्त ही व्यवस्था दिवाळीपर्यंत चालते. दिवाळी झाली की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांचे मुकादम येतात, जवान पोरं सौराष्ट्रातल्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, उरलेली पहाटेच उंबरगाव-वापीच्या कारखान्यांकडे. होळीपर्यंत पाड्यावर उरतात म्हातारी माणसं, शेळ्या, आणि आजीवर लक्ष ठेवायला बसवलेली आठ वर्षांची नात, जिनं खरं तर शाळेत असायला हवं. पलीकडून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. रात्री एकटीच बडबडत हिंडणाऱ्या बाईला दुसरा धोकाही आहे : या भागात 'भुताळी' हा शब्द अजून मेलेला नाही. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण पाड्यावर भगत पोलिसांच्या आधी पोचतो.

सरकार म्हाताऱ्यांना विसरलेलं नाही, हेही नमूद करायला हवं. निराधाराचे १५०० रुपये महिना येतात. त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे आजीनं सिद्ध करायचं. तिला ते आठवत नसलं तरी चालतं, अंगठा जुळला पाहिजे. पन्नास वर्षं भात लावून, चिकूच्या वाडीत पेट्या भरून घासलेला अंगठा यंत्राला ओळख देत नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढावं, तर २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन आहे, सिकल सेल आहे, डिमेन्शिया हे नाव नाही. मानसिक आजार म्हणा, नाहीतर मज्जासंस्थेचा जुनाट आजार म्हणा. दोन्हींसाठी मोठ्या डॉक्टरची सही हवी, आणि मोठा डॉक्टर कुठं बसतो ते वर आलंच आहे.

तरी अर्जदाराची मागणी एका ओळीची आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत, ती जेव्हा होईल तेव्हा आणि जो कुणी खुर्चीवर असेल त्यानं, डहाणू आणि तलासरीच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना एवढंच विचारावं : गेल्या वर्षभरात चौथ्या प्रश्नाला 'होय' किती, आणि त्यातल्या किती जणांना कुणी डॉक्टरनं पाहिलं? आकडा शून्य आला तरी इतिवृत्तात लिहावा. निधी, इमारत, उद्घाटन, फीत यांतलं काही लागणार नाही, त्यामुळे विषय मागे पडण्याची भीती आहे, याची अर्जदाराला जाणीव आहे.

उत्तर पाठवायचा पत्ता : सायवनच्या रस्त्यानं आत, ओहोळाच्या पलीकडे, चिंचेपासून तिसरं घर. पाड्यावर कुणालाही विचारलं तरी दाखवतील. ओटीवर आजी बसलेली असेल, तिला विचारू नये. ती टपालवाल्याला आपला भाऊ समजून घरात बोलावते, जेवायला वाढते, आणि तो लवकर सुटत नाही.