काळ्या पडद्यामागचे दादा

कामतघरापासून अंजूरफाट्यापर्यंत ओळखीत कुणाच्याही संगणकाचा पडदा काळा झाला की दादांना फोन जातो. त्यातले निम्मे पडदे दादांनीच काळे केलेले असतात, हा भाग वेगळा.

दिवसा ते एका गोदामात चलनं बनवतात आणि संध्याकाळी लिनक्सचा प्रसार करतात. "विंडोज काढून टाका काका. हे फुकट आहे, व्हायरस नाही." काका यंत्रमागवाले, 'फुकट'च्या पुढचं त्यांना ऐकूच येत नाही. मग गाळ्यातल्या ऑफिसातला जुना संगणक उघडला जातो. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यावर कापसाचा धुरळा इतका साचलेला, की वाती वळाव्यात. दादा रंगाच्या ब्रशने तो झाडतात, कार्ड उजेडाकडे धरतात आणि मुलीला मंगळ निघाल्यासारखे म्हणतात, "एन्व्हिडिया आहे."

मग पत्रिका मांडली जाते. या कंपनीच्या कार्डांची गोत्रंही ऋषितुल्य: केप्लर, मॅक्सवेल, पास्कल, ट्युरिंग. केप्लर असेल तर ४७०चा ड्रायव्हर लागतो, त्याचा पाठिंबा २०२४मध्ये संपला. लिनक्सच्या नव्या कर्नलशी, म्हणजे गाभ्याशी, गुण जुळणं कठीण. 'नूव्हो' नावाचा मुक्त ड्रायव्हर आहे, लोकांनी कार्डाचं वागणं न्याहाळून लिहिलेला. पण मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून कार्ड कंपनीच्या सहीचं फर्मवेअर मागू लागलं आणि नूव्होच्या हाती ते रांगायलाच लागलं. ट्युरिंग निघालं तर दादा खुलतात, कारण मे २०२२मध्ये कंपनीने कर्नलमधला भाग खुला केला. "वरचा भाग अजून बंदच आहे म्हणा," हेही लगेच सांगून टाकतात. आनंद फार वेळ टिकलेला त्यांना सोसत नाही.

२०१२ साली फिनलंडमधल्या एका विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने एन्व्हिडियाला उद्देशून कॅमेऱ्यापुढे मधलं बोट दाखवलं. हा प्रसंग दादा साभिनय सांगतात. काकू चहा घेऊन आल्या तर ऐन वेळी बोट बदलून तर्जनी करतात.

ड्रायव्हर बसतो, चालतोही. मग जीएसटीचं रिटर्न भरायच्या वीस तारखेला, आदल्या रात्री आपोआप आलेल्या नव्या कर्नलमुळे, पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकतो. नव्या कर्नलच्या हेडर फायली आपोआप येतील अशी सोय करायला दादा विसरलेले असतात, त्यामुळे ड्रायव्हर नव्याने बांधलाच गेलेला नसतो. चूक सरळ दादांची. पण त्यांचा हिशेब पक्का: चाललं तर लिनक्समुळे, अडलं तर कंपनीमुळे.

"अरे, पण आधी चालत होता ना?" काकू विचारतात.

"चालत होता काकू, पण का चालत होता ते आपल्याला माहीत नव्हतं."

शेवटी काकांच्या भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून जुनं एएमडीचं कार्ड आणलं. त्याचा मुक्त ड्रायव्हर २०१५पासून कर्नलमध्येच आहे. (फर्मवेअर त्यालाही बंदच लागतं, पण ते दादांपुढे काढायचं नाही.) कार्ड लावलं, बटण दाबलं, पडदा लखलखीत. दादांनी सेटिंग्ज उघडली, मिटली, पुन्हा उघडली. कुठे काही अडेना. चहा अर्धा टाकून ते उठले आणि दारात थबकले.

"काकू, तुमचा तो प्रिंटर कुठल्या कंपनीचा?"