ऐकलंत का, तुर्की सिनेमाचं?

अहो, जरा कुंपणापाशी या ना... मोठ्याने नको. ऐकलंत का, आपल्या न्यूरेंबर्गच्या तुर्की-जर्मन फेस्टिव्हलला यंदा कोण आलं होतं? पलीकडच्या गल्लीतल्या वहिनी! हिंदीत डब केलेल्या त्या तुर्की सिरियल्स बघून बघून त्यांना वाटलं, बॉस्फरसकाठचे बंगले असतील, घाऱ्या डोळ्यांचे हीरो असतील. मोत्यांची कुडी घालून आल्या हो! आणि पडद्यावर काय, तर नुसता बर्फ आणि चहा पीत बसलेला एक माणूस. मला कोपराने ढोसून विचारतात, "हा बोलणार कधी?" त्यात इथे इंटरव्हल नसतो असं कळलं, तेव्हाचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही...

तर काय सांगत होते, खरी मजा बाहेर क्युन्स्टलरहाउसच्या लॉबीत. १९९२ पासून चाललाय हा फेस्टिव्हल, त्यामुळे जुनी मंडळी एकमेकांना ओळखून. आमच्या समोरच्या तुर्की आजी तर नुसत्या सुटल्या होत्या. त्या नटीचं, मेर्वे दिझदारचं, तुम्हाला माहीतच आहे. २०२३ साली कान्सला बेस्ट अ‍ॅक्ट्रेस ठरली ती, दिग्दर्शक जेलानच्या 'अबाउट ड्राय ग्रासेस'साठी. पोरीने बक्षीस घेतलं आणि ते झगडणाऱ्या बायकांच्या नावाने करून टाकलं. आणि दिवस कुठला? दुसऱ्याच दिवशी तिकडे एर्दोआनसाहेबांच्या निवडणुकीची दुसरी फेरी! झालं, सत्ताधारी पक्षातल्या लोकांनी अशी नाकं मुरडली म्हणता...

तो 'ड्राय ग्रासेस' सिनेमा मात्र ऐका हं, आम्ही बघितलाय. ऐन नाजूक वेळी त्यातला हीरो, एक शाळामास्तर, दार उघडतो आणि थेट शूटिंगच्या सेटवरून, कॅमेरावाल्यांच्या मधून चालत बाथरूममध्ये जातो, गोळी घेतो, परत येतो! आमच्या ह्यांना वाटलं, फिल्मच चुकीची लावली. मागे वळून ऑपरेटरला शोधायला लागले, मी शर्ट ओढून खाली बसवलं.

आणि अंताल्याचं ऐकलंत? तो तुर्कस्तानातला, त्यांचा घरचा फेस्टिव्हल. २०२३ ला साठावा, केवढा थाट व्हायचा होता. पण सरकारी वटहुकमाने नोकरी गेलेल्यांवरची एक डॉक्युमेंटरी स्पर्धेतून काढली. परीक्षक रुसले, दिग्दर्शकांनी सिनेमे परत मागितले. मग ती पुन्हा घेतली, तर सांस्कृतिक खातं रुसलं! शेवटी मेयरनी अख्खा फेस्टिव्हलच रद्द केला. आजी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "साठीचं लग्न मांडवातच मोडलं."

पण हे आजचं नाही हो. दिग्दर्शक यिलमाझ ग्युनेयने तुरुंगात बसून 'योल' हा सिनेमा लिहिला, शूटिंग शेरीफ गोरेनकडून करवून घेतलं, मग पळाला आणि स्वित्झर्लंडमध्ये एडिटिंग केलं. १९८२ ला कान्सचं सगळ्यात मोठं बक्षीस, आणि मायदेशी बंदी थेट १९९९ पर्यंत! तोवर ग्युनेय जाऊन पंधरा वर्षं झालेली. आजी हे सांगताना हसत नव्हत्या...

मला विचाराल तर, ज्याला घरात गप्प बसवतात त्याच्यासाठी परगावी खुर्च्या मांडतात, तसं आहे हे. म्हणून तर आजी न चुकता जातात. पुढच्या वेळी तुम्हीही चला, पण आधी 'योल' बघून ठेवा. नाहीतर लॉबीत नुसत्या माना डोलवाल!